गनला कुठली गोटी? गाळप हंगामाआधीच्या शेडमधल्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, निपाणी

गणपती झाले. दसऱ्यापर्यंत आमच्या गाड्या दुरुस्तीच्या शेडला थोडी उसंत असते. दिवाळी उरकली की उसाचे ट्रॅक्टर, डबल ट्रॉल्या आणि हायवेवरचे ट्रक सगळे एकदम दारात उभे राहतात, आणि मग विचार करायला कुणाला वेळ मिळत नाही. म्हणून हे काम आत्ता हाती घेतलंय. इम्पॅक्ट गनसाठी, म्हणजे ठोके मारून नट सोडवणाऱ्या यंत्रासाठी, गोट्यांचा (नटावर बसणाऱ्या सॉकेटांचा) नीट पारखलेला संच उभा करायचा.

गन दोन आहेत. एक पाऊण इंची, हवेवरची. दुसरी अर्धा इंची, १८ व्होल्ट बॅटरीची. हे माप गोटी ज्या चौकोनी दांड्यावर बसते त्याचं. दोन्ही धडधाकट. गोट्यांचं मात्र तसं नाही. तात्यांनी (माझे थोरले चुलते, शेड त्यांनीच उभी केली) जशी गरज पडेल तशा त्या घेतल्या. त्यात हातपान्याच्या चकचकीत गोट्या आहेत, गनच्या काळ्या आहेत, भंगारातून आणलेल्याही आहेत, आणि सगळ्या एकाच पेटीत. शेडमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाताला लागेल ती गनवर चढते. "बसली म्हंजे झालं की," असं थोरला पोरगा म्हणतो. हाताने पाना मारताना त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. गनला ते लागू पडत नाही. गन नट फिरवत नाही, ती त्याला हातोड्याने ठोकते. आतला हातोडा फिरत येऊन ऐरणीवर आपटतो, ऐरणीचा चौकोनी दांडा बाहेर येतो आणि त्या दांड्यावर गोटी बसते. मिनिटाला शेकड्याने ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका आधी गोटी सोसते, मग नट.

तयार सेट आणायचा नाही, हे तात्यांशी बोलून पक्कं केलं. मोठ्या सेटमध्ये २५, २६, ३१ अशी मापं पडून राहतात आणि जी रोज लागते ती एकच असते, ती झिजली की सेट तुटतो. आधी आपल्या दारात येणारे नट मोजायचे, मग त्या मापाच्या सुट्ट्या गोट्या घ्यायच्या.

११ सप्टेंबर

आजचा दिवस मोजणीचा. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीखाली व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन गेलो. गंज आणि रंग तारेच्या ब्रशने काढायचा आणि नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर तिन्ही जोड्यांवर मोजायचं. एकाच जोडीवर मोजलं तर फसगत होते, कारण मार खाल्लेला नट तिन्हीकडे सारखा राहत नाही.

कंपनीच्या गाड्यांवर फारसा गोंधळ नाही. १६ मिमीच्या बोल्टला २४ ची गोटी, १८ ला २७, २० ला ३०. ट्रकच्या चाकाला २२ मिमीचे स्टड (हबमध्ये बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट) आहेत, त्यांचे नट एका गाडीवर ३२ चे निघाले, दुसरीवर ३३ चे. छोट्या गाड्यांची चाकं १७, १९ आणि २१ मध्ये उरकतात. लहान बोल्टांना मात्र दोन चाली आहेत. १० मिमीच्या बोल्टचं डोकं जुन्या जर्मन मापात १७, आयएसओ मापात १६. १२ मिमीच्या बोल्टला १९ किंवा १८, आणि १४ च्या बोल्टला २२ किंवा २१. म्हणजे बोल्टची जाडी बघून गोटी उचलायची सवय इथेच मोडायला हवी. बोल्ट तोच असतो, डोकं निराळं.

खरी गंमत ट्रॉल्यांवर. गावोगावी बनलेल्या ट्रॉल्यांना फॅब्रिकेटरला त्या दिवशी जे मिळालं ते लागलेलं असतं. एकाच ट्रॉलीत हबला मिमीचे स्टड आणि पाट्याच्या यू-बोल्टला इंची नट. पाऊण इंची यू-बोल्टच्या नटाचं माप सव्वा इंचाला बरोबर एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे नऊ सूत. मिमीत २८.५७. या नटावर २८ ची गोटी चढत नाही, म्हणून सगळीकडे २९ लावतात. जवळजवळ अर्ध्या मिमीचा हा खेळ हाताच्या पान्याला चालून जातो. गनवर नट आत थोडा फिरतो, सपाट बाजूऐवजी कोपऱ्यावर गोटी टेकते आणि प्रत्येक ठोका कोपऱ्यावरच बसतो. दोन हंगामांत नट गोल. आपल्याकडच्या ट्रॉल्यांचे यू-बोल्ट कापून का काढावे लागतात, याचं अर्धं उत्तर गंज आहे आणि उरलेलं अर्धं ही २९ ची गोटी.

सगळी इंची मापं मात्र वेगळी घ्यावी लागत नाहीत. अर्धा इंची बोल्टचं डोकं सहा सुताचं, १९.०५ मिमी, त्यावर १९ ची गोटी घट्ट बसते. पाच सुताच्या बोल्टचं डोकं साडेसात सुताचं, २३.८१ मिमी, तिथे २४ ची चालते. नऊ सुताचीच वेगळी हवी. यादीत पहिली तीच लिहिली.

१२ सप्टेंबर

शेजारच्या गावातल्या गुऱ्हाळाचा चरक खोलायला बोलावलं होतं. जुनं यंत्र, बोल्ट व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. अर्धा इंची व्हिटवर्थचं डोकं ०.९२ इंच, म्हणजे २३.३७ मिमी. २३ चढत नाही, २४ सैल पडते. अशा ठिकाणी गन लावायचीच नाही. जुन्या मापाचा रिंग पाना, डिझेलमध्ये रात्रभर भिजवलेला नट आणि हाताचा जोर. गुऱ्हाळवाल्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा पाना होता, तो नटावर असा बसला की हलायचं नाव नाही.

१५ सप्टेंबर

पेटी रिकामी केली. सगळ्या गोट्या डिझेलने धुऊन पोत्यावर मांडल्या आणि एकेक तपासली.

तडा शोधायला फाउंड्रीतली जुनी रीत वापरली. गोटी डिझेलमध्ये बुडवून ठेवायची, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायची आणि वरून खडूची पूड फासायची. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. चकचकीत गोट्यांपैकी ज्या गनवर वापरल्या गेल्या होत्या त्यांच्यापैकी कितीतरींना चौकोनी भोकाच्या कोपऱ्यापासून निघालेली रेघ दिसली. हे अपेक्षितच होतं. चौकोनाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

दोन चकचकीत गोट्यांचा मुलामा तोंडाशी पापुद्र्यासारखा सुटला होता. पापुद्र्याची कड ब्लेडइतकी धारदार. धाकट्या पोराला बोट लावून दाखवलं, अर्थात हातमोज्यातलं. गन चालू असताना हा तुकडा उडाला तर तो चेहऱ्याच्या दिशेनेही येऊ शकतो, कारण चाकाचा नट उघडताना माणूस उकिडवा बसलेला असतो आणि गन छातीच्या नाहीतर तोंडाच्या उंचीवर असते. या शेडमध्ये शिकायला येणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची नसून अठरा पूर्ण झालेलीच घेतो, पण डोळा अठराव्या वर्षी गेला काय नि अठ्ठेचाळिसाव्या, परत येत नाही. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त काळजी त्याची आहे.

तडा नसलेल्या चकचकीत गोट्या हातपान्याच्या वेगळ्या ट्रेमध्ये गेल्या. त्या चांगल्या आहेत, हाताच्या रॅचेटला त्याच लागतात, कारण भिंत पातळ असल्याने अडचणीत शिरतात. तडा गेलेल्या भंगारात, आणि कुणी पुन्हा उचलू नये म्हणून ग्राइंडरने दोन तुकडे करूनच.

१८ सप्टेंबर, बेळगाव

उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्याचं काम होतं. तिथल्या लेथवाल्या अण्णांशी तासभर बोलणं झालं. ते घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि लोखंडाबद्दल बोलताना दोघांचीही भाषा ईएन नंबरांचीच (पोलादाच्या प्रकारांच्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांची) असते.

मी विचारलं, "अण्णा, नऊ सुताची गोटी तुम्ही करून द्याल काय?" ते म्हणाले, "करून देतो की री, पण आतला षट्कोन ब्रोचने काढायला पाहिजे, आणि नंतर हीट ट्रीटमेंट. एका गोटीला परवडत नाही तुम्हाला. बाजारात मिळते ती घ्या." असं धंदा सोडून खरं सांगणारी माणसं आहेत म्हणून आपलं चालतं.

पुढे त्यांनी जे समजावलं ते लिहून ठेवतो. हातपान्याच्या गोट्या बहुतेक क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या. त्या जास्त कडक ठेवलेल्या असतात, कारण भिंत पातळ ठेवूनही नटाच्या कडेने झिजू नये. गनच्या गोट्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या. आपल्याकडे शाफ्ट आणि ॲक्सलला वापरतात तो ईएन १९ याच घराण्यातला: साधारण ०.४ टक्के कार्बन, १ टक्क्याच्या आसपास क्रोमियम, ०.२ टक्क्याच्या आसपास मॉलिब्डेनम. मॉलिब्डेनममुळे जाड तुकडाही आतपर्यंत नीट पाणी धरतो, म्हणजे कडक होतो, आणि टेम्परिंगनंतर ठिसूळ राहत नाही. गनच्या गोट्या मुद्दाम थोड्या मऊ आणि चिवट ठेवतात. वाळकी काटकी आणि ओली काठी यांत जो फरक, तोच इथे: जोर जास्त झाला तर कडक गोटी तडकते, चिवट गोटी आधी फाकते, तिचं तोंड रुंदावतं, आणि माणसाला बदलायची सूचना मिळते. भिंत जाड असते तीही याचसाठी.

वरचा काळा रंग म्हणजे फॉस्फेट किंवा ब्लॅक ऑक्साइडचा थर. मुलामा नसल्यामुळे सुटून उडण्यासारखं काही नाही. पण गंजापासून बचाव तेवढाच बेताचा, म्हणून पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायला हवं. आपल्याकडे आणि त्याहून जास्त खानापूरच्या पट्ट्यात हे विसरून चालत नाही.

मी आणखी एक विचारलं: आपल्याकडे गोटीला पाइप वेल्ड करून टी पाना करतात, गनची गोटी अशी लांब करून घेतली तर? अण्णांनी मान हलवली. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यातलं पाणी उतरतं आणि जोडाच्या कडेला उलट ठिसूळ भाग तयार होतो. हाताच्या पान्याला जमतं, ठोक्याला नाही. गोटी बारीक खाचेत शिरावी म्हणून बाहेरून ग्राइंड करून लाल होईपर्यंत घासणं हाही तोच प्रकार. पातळ हवी असेल तर पातळ भिंतीची बनलेलीच घ्यावी.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सकाळी शेडमध्ये फक्त तात्या आणि मी. ॲडॉप्टरचा विषय काढला, कारण तो त्यांना प्रिय आहे. अर्ध्या इंची गनवर ॲडॉप्टर लावून पाऊण इंची गोटी चालवायची, आणि पाऊण इंची गनवर उलटा ॲडॉप्टर लावून अर्धा इंची. त्यांचं म्हणणं, एकाच मापाच्या गोट्या दोन्हीकडे चालल्या तर खर्च निम्मा.

कागदावर गणित मांडलं. चौकोनी दांड्याची पीळ सोसण्याची ताकद बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. बाजू दीडपट, ताकद जवळजवळ ३.४ पट. एक इंची दांडा अर्ध्या इंचीच्या ८ पट. म्हणजे पाऊण इंची गनचा जोर ॲडॉप्टरमधून अर्ध्या इंची चौकोनात ओतला, तर जो दांडा त्या जोराच्या तिसऱ्या हिश्शासाठी केलाय त्याला सगळा जोर सोसावा लागतो. तो तुटायला कारण लागत नाही. उलट बाजूने, लहान गनवरून मोठ्या गोटीकडे जाताना तुटण्याची भीती कमी, पण ठोका वाया जातो: मोठी गोटी जड असते, तिला हलवण्यातच लहान गनचा जोर संपतो, आणि ॲडॉप्टरच्या दोन्ही टोकांना जो खेळ असतो त्यात आणखी.

तात्या बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "मग लिव्ह यादीत, दोन्हीच्या वेगळ्या." एवढ्यात माझं काम झालं.

ठरलं ते असं: अर्ध्या इंची गनला १० ते २४ पर्यंतचे नट. २४ च्या वर सगळं पाऊण इंचीला. ट्रकच्या ३२-३३ च्या नटांना पाऊण इंचीच, आणि त्यातही जे हट्टी निघतील ते एक इंची गनवाल्या टायरच्या दुकानात पाठवायचे. आपल्याकडे एक इंची गन नाही आणि ॲडॉप्टरने ती तयार होत नाही.

२६ सप्टेंबर, कोल्हापूर

उद्यमनगरात खरेदी. दुकानात गोटी हातात घेऊन काय बघायचं याची चिठ्ठी करून नेली होती, ती फार उपयोगी पडली.

काळा रंग बघून घ्यायची नाही, हे पहिलं. साध्या पोलादाच्या गोटीलाही काळं करता येतं. अंगावर पोलादाचा प्रकार आणि माप कोरलेलं हवं, छापलेलं नको. गनच्या गोट्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ २७२५ च्या दुसऱ्या भागात आहे आणि जर्मन डीआयएन ३१२९ मध्ये. हातपान्याच्या गोट्यांचं डीआयएन ३१२४. खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये ३१२९ दिसला की गोष्ट सोपी होते. एका दुकानदाराने काळी, जाड आणि स्वस्त गोटी पुढे केली, तिच्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना पोलादाचं. परत ठेवली.

आतलं तोंड षट्कोनीच घ्यायचं. बारा कोनी गोटी पटकन बसते म्हणून पोरांना आवडते, पण तिची पकड नटाच्या कोपऱ्याजवळच्या अरुंद पट्टीवर असते. षट्कोनी गोटी सपाट बाजूवर टेकते. चांगल्या गोटीत कोपऱ्यात छोटी गोलाई असते, त्यामुळे नटाचा कोपरा मोकळा राहतो आणि जोर बाजूवर जातो. बोल्टचं डोकंच बारा कोनी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गनसाठी बनवलेली बारा कोनी गोटी मिळते. आपल्याकडे तसे बोल्ट क्वचित येतात.

यू-बोल्टसाठी डीप, म्हणजे लांब, गोट्या घेतल्या. यू-बोल्टचे पाय नटाबाहेर दोन-अडीच इंच लोंबतात, साध्या गोटीच्या तळाला ते टेकतात आणि नट अर्धवटच पकडला जातो. अर्धवट पकड आणि गनचा ठोका, म्हणजे नटाचं वरचं तोंड गेलंच. पण सगळ्याच डीप घेणं बरोबर नाही. लांब गोटी जास्त पिळते आणि ठोका कमी पोचवते, शिवाय गन नटापासून लांब गेली की तिरकी धरली जाते. म्हणून डीप फक्त २४, नऊ सूत आणि ३० ची, बाकी साध्या.

अलॉय चाकांच्या गाड्यांसाठी १७, १९ आणि २१ च्या पातळ भिंतीच्या गोट्या, बाहेरून नायलॉनचं वेष्टण असलेल्या. अलॉयच्या खाचेत जाड गोटी शिरत नाही, आणि ठोकून शिरवली तर चाकाला ओरखडा कायमचा. घेण्याआधी खाचेचा व्यास मोजून आणला होता, तो गोटीच्या बाहेरच्या व्यासाशी ताडून घेतला. आतलं माप सगळे बघतात, बाहेरचं कुणी बघत नाही.

गोल झालेल्या नटांसाठी आतून उलट्या पिळाच्या खाचा असलेल्या गोट्याही घेतल्या. नट सोडवताना त्या अधिकाधिक आत रुततात. यांनी नट फक्त काढायचा, तो नट परत लावायचा नाही.

नऊ सुताची पाऊण इंची डीप गोटी मिळायला बरंच फिरावं लागलं. मिळाली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दोन्ही गन, कॉम्प्रेसर, नवा संच, जुने रिंग पाने, तात्यांचा पहिला हातोडा, सगळं धुऊन पुसून मांडलं. झेंडू, हळदकुंकू. आज कुठलंही हत्यार चालवलं नाही.

४ ऑक्टोबर

चाचणी. जाड प्लेट व्हाइसमध्ये धरून त्यात २० मिमीचा बोल्ट बसवला, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) ४०० न्यूटन मीटरला आवळला आणि पाऊण इंची गनने सोडवून बघितला. दर वेळी पुन्हा तेवढाच आवळून.

गोटी थेट गनवर: ट्रिगर दाबताच सुटला. मध्ये आखूड एक्स्टेंशन (गन आणि गोटी यांच्यामधला जोडदांडा): सुटला, पण ठोके वाढले. लांब एक्स्टेंशन: गन बराच वेळ वाजत राहिली. लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) दोन्ही: बोल्ट ढिम्म, गन हातात नाचायला लागली, बंद केली. दांडा जेवढा लांब आणि बारीक तेवढा तो प्रत्येक ठोक्याला स्प्रिंगसारखा पिळतो आणि परत सुटतो. त्या पिळण्या-सुटण्यातच ठोका मरतो. थोरला पोरगा बघत होता. "म्हंजे गन कमजोर न्हवं, मधलं सगळं खातंय," असं तोच म्हणाला. या सगळ्या नोंदींत मला जे सांगायचं आहे ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

त्यामुळे नियम: एक्स्टेंशन लागलंच तर चालेल तेवढं आखूड, एकच, आणि गनसाठी बनवलेलं. युनिव्हर्सल जॉइंट फक्त इम्पॅक्टचा, आणि तो जवळजवळ सरळ ठेवूनच. तिरका असेल तर ठोक्यागणिक झोल खातो. कोन मोठा असेल तिथे हातपाना.

७ ऑक्टोबर

हवेचा विषय. गन ९० पौंड हवेवर, म्हणजे सुमारे ६.२ बारवर, आपला पूर्ण जोर देते. कॉम्प्रेसरच्या मीटरवर १२० दिसतात म्हणून सगळे निर्धास्त असतात. पाइप गनला जोडतो तिथे टी जोड लावून मीटर बसवला आणि ट्रिगर दाबून ठेवून वाचलं. टायरमध्ये हवा भरायच्या बारीक पाइपवर काटा भराभर खाली आला. पाऊण इंची गनला आतून अर्धा इंची पाइप लावल्यावर तो जागेवर थांबला. गोटी आणि गन दोघींवर जे खापर फुटत होतं त्यातलं बरंचसं या पाइपचं होतं. फिल्टरमधलं पाणी रोज सकाळी सोडायचं आणि गनच्या तेलाचे थेंब टाकायचे, हे भिंतीवर लिहिलं.

१३ ऑक्टोबर

आवळण्याबद्दल. इथे मी तात्यांचंही ऐकणार नाही.

गन सोडवायला. आवळताना गनने नट फक्त टेकेपर्यंत आणायचा, शेवटचा जोर टॉर्क पान्याचा. बॅटरीची अर्धा इंची गनसुद्धा कित्येक शे न्यूटन मीटर देते आणि छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला लागतात साधारण १०० च्या आसपास, गाडीच्या पुस्तकात असेल तेवढे. गन दोन सेकंद जास्त दाबली की स्टड ताणला जातो, आटे ओढले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी होते, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या छोट्या पान्याने तो नट कुणाच्याही बापाच्याने उघडत नाही. ट्रकच्या २२ मिमी स्टडला पुस्तकं ६०० न्यूटन मीटरच्या आगेमागे सांगतात. तिथे उलट, बारीक पाइपवरची पाऊण इंची गन पुरेशी आवळतही नाही, आणि आवाजावरून माणसाला वाटतं आवळलं. दोन्हीकडे कानावर विश्वास ठेवून चालत नाही.

तवंदी घाटातून भरलेली डबल ट्रॉली उतरताना हबवर काय भार येत असेल हे घाटाखालून एकदा बघितलं की पुरतं. मागे गाड्यांची रांग, बाजूला दुचाकीवर बायकापोरं. त्या ट्रॉलीचं चाक आपण बसवलेलं असेल तर नट मापाने आवळलेलाच हवा.

आवळायची पद्धत: समोरासमोर, ताऱ्याच्या आकारात, दोन फेऱ्यांत. स्टडला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, पुस्तकात सांगितलं असेल तरच. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पहिल्या खेपेनंतर गाडी परत बोलवून पुन्हा तपासायचं, आणि ते बिलावरच लिहून द्यायचं. जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांना उलटे आटे असू शकतात, गन लावण्याआधी स्टडच्या टोकावरचं अक्षर बघायचं. टॉर्क पाना काम झालं की सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा, आणि वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यायचा.

१७ ऑक्टोबर

उरलेली कामं उरकली.

पाऊण इंची गोट्यांना आडवं भोक आणि खाच असते. गनच्या दांड्याच्या भोकातून पिन घालायची आणि खाचेत रबरी रिंग बसवायची, म्हणजे गोटी सुटत नाही आणि पिनही बाहेर येत नाही. पिनेऐवजी खिळा आणि रिंगेऐवजी बाइंडिंग तार, हा प्रकार आजपासून बंद. फिरत्या गनमधून खिळा निघाला तर कुठे जाईल सांगता येत नाही. मापाच्या पिना आणि रिंगा एका डब्यात भरून गनशेजारी टांगल्या. अर्ध्या इंची गनच्या दांड्यावर नुसती स्प्रिंगची कडी आहे, तिची पकड ढिली झाली की कडीच बदलायची.

मिमीच्या गोट्यांना पिवळा पट्टा, सुताच्यांना लाल, तेलरंगाने. लाकडी फळीला मापाप्रमाणे खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली आकडा. हातपान्याच्या चकचकीत गोट्या शेडच्या दुसऱ्या टोकाला, गनपासून लांब, मुद्दामच.

आयएस ५९८३ प्रमाणाचे चष्मे आणले, प्रत्येकाचा वेगळा. गनच्या हुकालाच टांगले, म्हणजे गन काढताना चष्मा हाताला लागतो. कानालाही मफ. पोरांना सांगितलं, चष्मा न लावता गन हातात दिसली तर त्या दिवशी हवा भरायचं काम. धाकटा लगेच म्हणाला, "दादा, तात्यांनी न्हाई लावला तर?" तात्या ऐकत होते. त्यांनी चष्मा उचलून डोळ्यावर चढवला आणि पुन्हा ट्रॉलीखाली गेले.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी डिझेल आणि खडूची तपासणी. नवा बोल्ट गोटीत घालून खेळ बघायचा, तोंड फाकलेलं किंवा चौकोन गोलसर झालेला दिसला की गोटी कापून भंगारात.

बाकी राहिलं ते एवढंच: ३६ ची साधी पाऊण इंची गोटी, २४ मिमीच्या बोल्टसाठी. दुकानात तेव्हा नव्हती. दिवाळीनंतर येईल म्हणाले आहेत, तोवर तो नट हातपान्यानेच.